पाण्यातलं इंजिन

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. भांडण नसे, राग नसे. "मीठ दे" हे साधं मागणंसुद्धा आम्ही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात मागत असू. आजही इथे जळगावच्या पिंप्राळ्यात मी फोनवर बोलायला लागले की सून गॅलरीचं दार हळूच लावून घेते. तिला वाटतं, मला कमी ऐकू येतं. मला चांगलं ऐकू येतं, दार लावल्याचंही येतं. पण दोंडाईच्याला कापसाच्या जिनच्या भिंतीला भिंत लावून ज्यांचं घर, आणि भिंतीपलीकडे सकाळी सहापासून ज्यांच्या वडिलांचं इंजिन धपापतंय, त्यांना हळू बोलण्याची सवय लागणार तरी कशी? दिवाळीपासून होळी उलटेपर्यंत मांडणीवरची पितळी भांडी एकमेकींना लागून किणकिणत राहायची. पाहुणे आले की दचकायचे. आम्हाला किणकिण थांबली की दचकायला व्हायचं, कारण मग आबांचं काहीतरी बिघडलेलं असायचं.

आबा म्हणजे माझे वडील. जिनमध्ये इंजिनड्रायव्हर. जातीने पांचाळ, शिक्षण दुसरीपर्यंत, आणि सही करताना घाम फुटायचा. पण बेअरिंगवर नुसता तळवा ठेवून ते सांगायचे की तासाभरात हे तापणार. माय पूर्वेकडची, रावेरच्या बाजूची, केळीच्या मुलखातली. तिची बोली वेगळी, आबांची वेगळी, आणि दोघं एकमेकांच्या बोलीची टर उडवत उभा जन्म राहिले. माय चुलीपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची तेव्हा परातीवर सतत ओला पंचा पसरलेला असे, कारण जिनमधली रुई उडून यायची आणि पिठात बसायची. तरी भाकरीत एखादा तंतू निघायचाच. तो दातात अडकला की आबा म्हणायचे, "सरकी काढीसन खाय." सरकीचा, तापल्या एरंडेलाचा आणि लाकडाच्या धुराचा मिळून एक वास आबांच्या अंगाला यायचा. तसा वास मला पुन्हा कुठे आला नाही.

हे इंजिन जिनसाठी बनवलेलंच नव्हतं. जिनचे मालक जुने शेठजी, त्यांच्या वडिलांनी ते मुंबईहून, मोडीत काढलेल्या एका बोटीतून विकत घेतलं आणि आगगाडीने दोंडाईच्याला आणलं, एवढंच गावात सगळ्यांना ठाऊक. म्हणून त्याचं नाव पाण्यातलं इंजिन. जमिनीत तिरपे बसवलेले दोन सिलिंडर, प्रत्येकाला आपापला दांडा, आपापला वाफेचा पाइप, आपापली पुढेमागे करायची दांडी. मधे दोन्हींचे शाफ्ट एका सांध्यात अडकवलेले. सांधा सोडला की ही दोन वेगळी इंजिनं व्हायची: डावीवर कापसातून सरकी काढणारे रेचे फिरायचे, उजवीवर गठाणी, म्हणजे रुईचे गठ्ठे, दाबायचा प्रेस. आबा त्यांना "दोन्ही बहिनी" म्हणत. डावी शहाणी, उजवी हट्टी. थंडीत उजवी सुरू व्हायला कुरकुर करायची तेव्हा आबा तिला चक्क शिव्या द्यायचे, आणि ती सुरू झाली की तिच्याच अंगावर हात फिरवायचे. दोन बहिणी कशासाठी, हे मात्र त्यांना कोडं होतं. एका मोठ्या सिलिंडरवर भागलं असतं की. बोट बांधणाऱ्याने हा उपद्व्याप का केला असेल, हे ते जेवताना कितीदा तरी बोलत.

मी दहावीत असताना जिन बंद पडली. विजेवरच्या जिना निघाल्या, जुने शेठजी गेले, मुलं मुंबईला, त्यांच्यात जागेवरून वाद. आबांना त्यांनी राखणदार म्हणून ठेवलं. कापूस गेला, कामावरच्या बाया गेल्या, रेचे विकले गेले, पण इंजिन राहिलं. दर शनिवारी सकाळी आबा आणि मी इंजिनघर उघडायचो. चाकात लांब पहार घालून दोघांनी मिळून शाफ्ट फिरवायचा, एक पूर्ण फेरा, मग सांध्यात एरंडेल, मग चिंधीने सगळं पुसून घ्यायचं. लोखंड एका जागी बसलं की धरतं, असं आबा म्हणत. त्याला आठवड्यातून एकदा तरी हलवलंच पाहिजे. वाफ नाही, काम नाही, पगार नावाला, तरी शनिवार चुकला नाही. लोक हसायचे. मला लाज वाटायची का? थोडी वाटायची. पण पहारीला लोंबकळून जोर लावायचा आणि मग ते अजस्र धूड हळूच, आवाज न करता हलायचं, त्यात मला विलक्षण सुख होतं. हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही.

भंगारवाले येऊन गेले नाहीत असं नाही. पण ते आले, डोकं खाजवलं आणि गेले. दार लहान, भिंत पाडावी लागणार, लोखंड इतकं जाड की कापत बसायला महिना जाईल. आणि सांधा सोडवावा म्हणाल तर तो सुटायचाच नाही. तो एका पाचरीने आवळलेला होता. पाचरीचं रुंद डोकं वरून दिसायचं, तिथे सगळे घण घालायचे, आणि प्रत्येक घावाने ती आणखी घट्ट बसायची. आबा कोपऱ्यात उभे राहून गंमत बघत. "ठोका, ठोका," म्हणायचे. खरी युक्ती खाली होती. शाफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं, तिथली एक झाकणी काढायची, कढत एरंडेल सोडायचं, तासभर थांबायचं, आणि मग खालून वर, उलट्या बाजूने, लाकूड मधे धरून दोन हलके ठोके. ही युक्ती आबांना त्यांच्या उस्तादाने मरायच्या आधी दाखवली होती. आमच्या कारागिरांत अशा गोष्टी कागदावर जात नाहीत. एका हाताने दुसऱ्या हाताला दाखवायच्या, बस. आबांना मुलगा नव्हता. मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात त्यांनी मला खड्ड्यात उतरवलं, माझा हात धरून त्या झाकणीवर ठेवला आणि म्हणाले, "आते तुले माहीत शे नि माले. तिसरा कोनले सांगानं नही."

सर आमच्या आयुष्यात आले ते त्यानंतरच्या वर्षी. मी धुळ्याला कॉलेजात जायला लागले होते, ते आम्हाला इतिहास शिकवायचे. तिशीतले, मऊ बोलणारे, पांढरा शर्ट, आणि मुलींशी बोलताना जमिनीकडे बघणारे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या पुस्तकात त्यांना नाव मिळू नये एवढं तरी माझ्या हातात आहे. वर्गात त्यांनी एकदा विचारलं, तुमच्या गावात जुनं काय आहे? कोणी किल्ला सांगितला, कोणी बारव. मी म्हटलं, आमच्याकडे पाण्यातलं इंजिन आहे. वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते दोंडाईच्याला आमच्या दारात उभे.

मग ते दर रविवारी यायला लागले. मायने त्यांच्यासाठी डाळीचे फुनके वाफवले, कढी केली, वांग्याचं भरीत केलं. "खाय ना रे पोरा, लाजू नको," म्हणत ती त्यांच्या ताटात तेल ओतायची. ते तिला माय म्हणू लागले. आम्हाला ते आवडत होते हो, हे कबूल केलंच पाहिजे. आणि एका रविवारी त्यांनी मुंबईहून शोधून आणलेला एक फोटो आबांपुढे ठेवला. बुटकी, रुंद, काळ्या धुराड्याची एक बोट, आणि तिच्या दोन्ही अंगांना मोठाली चाकं, पाणी कापणारी. टग म्हणतात हिला, सर म्हणाले. शिडाची मोठी जहाजं वाऱ्यावर चालणारी, त्यांना बंदरात आपलं आपण शिरता यायचं नाही; मग ही वाफेची टग दोर बांधून त्यांना गोदीत ओढून आणायची. पुढे जहाजंच वाफेवर चालायला लागली, तिचं काम कमी झालं आणि ती मोडीत निघाली. आबांनी फोटो उन्हात नेला. बराच वेळ बघितला. मग एकदम मांडीवर थाप मारली आणि मला हाक मारली.

"म्हनीसन दोन शेतस! निमे, हाई दख, म्हनीसन दोन!"

एक चाक पुढे, एक चाक मागे. सांधा सोडायचा, डावीला पुढे घालायचं, उजवीला मागे, आणि बोट जागच्या जागी गर्रकन वळणार. बंदरातल्या गर्दीत तेच तर लागत असणार. आबा अंगणात दोन्ही हात उलटसुलट फिरवत स्वतःभोवती फिरले, तोल जाऊन बाजेवर बसले आणि हसत राहिले. आयुष्यभराचं कोडं सुटल्यावर माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तो आनंद सरांनीच त्यांना दिला होता. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला ते खोडता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

सरांचं म्हणणं असं की इंजिन धुळ्याच्या संग्रहालयात न्यायचं. अख्खं, दोन्ही बहिणींसकट, आणि शेजारी फोटो, पाटी, आबांचं नाव. शेठजींच्या मुलांशी बोलणं चाललंय, कागद येतील. आबा विरघळले. "जाईन तं अख्खं जाईन," ते म्हणाले, "आनि काढसू मी सोता." सर म्हणाले, अर्थातच आबा, तुमच्याशिवाय कोण? आणि तोवर सगळा इतिहास लिहून काढायचा. आबा सांगतील, निर्मला लिहील.

दोनशे पानी वही घेतली. चार महिने मी लिहीत होते. बॉयलर कसा पेटवायचा, पाणी कुठवर ठेवायचं, खंडेनवमीला पहिली शिट्टी कशी द्यायची, उजवी हट्ट करते तेव्हा काय करायचं. आबांची बोली मी शुद्ध मराठीत आणत गेले आणि सर वाचून म्हणायचे, निर्मला, तू लिहितेस छान. असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं. मला त्या एका वाक्याची चटक लागली. पाचरीपाशी मात्र आबा थांबले. म्हणाले, "हाई नको लिहू." मी नाही लिहिलं.

सरांनी वही पूर्ण वाचली आणि मला कॉलेजच्या व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "सगळं आहे गं, पण दोन भाग वेगळे कसे होतात तेच नाही. उद्या आबांना काही झालं तर? कोणीतरी तोडून नेईल. इतिहास असा अर्धवट ठेवतात का?" मला ते पटलं. खरं सांगू? पटलं त्यापेक्षा, त्यांच्या डोळ्यांत माझी वही अपुरी दिसत होती ते मला सोसवलं नाही. त्याच व्हरांड्यात कठड्यावर वही ठेवून मी शेवटची दोन पानं लिहिली. झाकणी, कढत एरंडेल, तासभर थांबणं, खालून वर, लाकूड मधे धरून. खड्ड्याची आकृतीसुद्धा काढली, बाण दाखवून. सर म्हणाले, आता पूर्ण झालं. वही त्यांनी नीट नक्कल करायला म्हणून ठेवून घेतली. घरी येऊन मी आबांना काही बोलले नाही.

त्या वैशाखात मामाच्या मुलीचं लग्न निघालं, रावेरकडे. आबा जिन सोडून जायला तयार नव्हते. सरच म्हणाले, "आबा, खुशाल जा. किल्ली माझ्याकडे द्या, मी येऊन बघत जाईन." मायलाही केवढा आनंद झाला, किती वर्षांनी नवऱ्याबरोबर माहेरी जायला मिळतंय म्हणून. आम्ही आठ दिवस राहिलो. केळीच्या बागेत सावलीला बसून आबा मामांना टगची गोष्ट सांगायचे, हात फिरवून दाखवायचे. मी शेजारी बसून ऐकायचे आणि मला एकदाही काही टोचलं नाही. सरांवर इतका विश्वास होता.

परतलो ते सकाळच्या गाडीने. दोंडाईच्याच्या स्टेशनाबाहेर रहीमचाचा भेटले. गाद्या भरायचं दुकान त्यांचं, जिनच्या समोरच. त्यांनी आबांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "आबा, तुम्हना इंजन गया. तुम्ही चिठ्ठी दिधी व्हती ना?" आबांना कळेना. चाचा म्हणाले, ट्रक आला, माणसं आली, भिंत पाडली. "सर वही हातमा लिसन सांगेत, आनि मानसे तसं करेत. माले वाटनं, तुम्हीच लिही दिधं शे."

इंजिनघराला एका बाजूने आभाळ दिसत होतं. डावी नव्हती. तिच्या जागी चार बोल्ट आणि तेलाचा चौकोन. उजवी होती, म्हणजे तिचे तुकडे होते. ओतीव लोखंड, घणाने फोडलेलं, भंगारवाला उरलेलं न्यायला संध्याकाळी येणार होता. आबा कशाला हात न लावता खड्ड्यात उतरले. मी वर उभी. त्यांनी पाचर उचलली, ती तिथेच टाकलेली होती, आणि बोटाने सगळ्या बाजूंनी चाचपली. मग वर बघितलं.

"हतोडीना एक बी नवा घाव नही," ते म्हणाले. पाचर खाली ठेवली. "तू लिही दिधं."

मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडायची सवय असलेलं घर आमचं. ते खड्ड्यातून वर आले, चिंधीने हात पुसले आणि घरी जाऊन आंघोळीला बसले.

तिसऱ्या दिवशी मी धुळ्याला जाऊन सरांसमोर उभी राहिले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. संग्रहालयाचं बोलणं कधी झालंच नव्हतं. कोकणात समुद्राकाठी कोणाचं तरी मोठं हॉटेल होणार होतं, त्यांना दालनात ठेवायला बोटीचं खरं इंजिन हवं होतं, एकच पुरे होतं, आणि कापल्याची खूण नको होती. "निर्मला, ते तसंही भंगारातच जाणार होतं," सर म्हणाले. "मी निदान अर्धं वाचवलं." मी वही मागितली. ती हॉटेलवाल्यांकडे गेली होती. मग मी विचारलं, आबांना काय सांगू? ते जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यांना म्हणावं, चांगल्या जागी आहे." मी उठून आले. थोबाडीत मारायला हवी होती, मारली नाही, याचा पश्चात्ताप अजून आहे. माय मात्र कितीतरी दिवस म्हणत राहिली, "मले तं तो घरचाच वाटे," आणि फुनके करणं तिने सोडून दिलं.

मागच्या वर्षी नणंदेच्या मुलीने, माझ्या भाचीने, मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ती मैत्रिणींबरोबर त्या हॉटेलात उतरली होती, तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. काचेच्या भिंतीमागे समुद्र, आणि पुढे डावी. लाल-हिरवा रंग दिलेली, विजेच्या मोटारीवर हळूहळू फिरणारी, तिच्यासमोर फोटो काढणारी माणसं. शेजारच्या पाटीवर तिचा इतिहास. भाचीने मोठ्याने वाचून दाखवला. वाक्यं माझी होती, एकोणीस वर्षांच्या मुलीची, जशीच्या तशी, खाली सरांचं नाव. "लोखंड एका जागी बसले की धरते" हेसुद्धा होतं, आबांचं नाव न घेता. लोक म्हणतील, बाई, जपलं तर आहे ना? जपलं आहे. दोन बहिणींतली एक फोडून दुसरी जपली आहे. टगचं अर्धं इंजिन म्हणजे टगचं इंजिन नव्हे, ती एकाच बाजूला फिरत राहणारी बोट झाली. पण हे पाटी वाचणाऱ्यांना कुठून कळणार?

आबा मला कधी घालूनपाडून बोलले नाहीत. लग्न लावून दिलं, बाळंतपणं केली, दिवाळीला लुगडं चुकवलं नाही. पण इंजिनाविषयी एक शब्द नाही. मी विषय काढला की ते उठून जायचे. शेवटची दोन वर्षं ते जळगावला माझ्याकडेच होते. एका दुपारी ते बाजेवर बसून शेंगा सोलत होते, मी गहू निवडत होते, आणि माझी धाकटी, सात-आठ वर्षांची असेल, त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. शाळेत बाईंनी विचारलं होतं, प्रत्येकाचे आजोबा काय काम करायचे ते उद्या सांगा. तिने विचारलं, "आबा, तुम्ही जिनमध्ये काय करायचात?"

आबांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, नीट, सावकाश. मला वाटलं, आता सांगतील. नातीला तरी सांगतील. मी गव्हातला हात काढून घेतला.

"मी?" ते म्हणाले. "हमाल व्हतू बेटा. कापूसना गठानी उचलू."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात तेच सांगितलं. मी तिला दुरुस्त केलं नाही.